विषाणुजन्य मेंदूज्वराची पहिली ओळख

पावसाळ्याच्या दिवसांत गावोगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तापाच्या रोग्यांची रीघ लागते. त्यांपैकी बहुतेकांचा ताप तीन-चार दिवसांत उतरतो आणि वैद्यकीय अधिकाऱ्यास त्यांची नावेही पुढे स्मरत नाहीत. परंतु या रांगेत एखादे मूल असे असते की, ते नुसते तापाने मलूल झालेले नसते. ते आईकडे पाहते, पण तिला ओळखत नाही. हाक मारली तर उत्तर देत नाही, किंवा देते ते भलतेच. "कालपासून हा आपल्यात नाही," असे आई सांगते. तापमापकावरील आकडा व नाडीची गती यांहून हे एक वाक्य अधिक मोलाचे आहे. रोग मेंदूपर्यंत पोहोचल्याची ती पहिली वर्दी असते, आणि ती बहुधा वैद्याकडून नव्हे तर आईकडूनच येते.

मेंदूला दाह उत्पन्न करणारे विषाणू अनेक आहेत. जपानी मेंदूज्वराचा विषाणू, चांदीपुरा, निपाह, हर्पिस, वेस्ट नाइल, आतड्यांत वाढणारे काही विषाणू, आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशातून येणारा रेबीजचा विषाणू हे त्यांतील प्रमुख होत. कोणत्या रोग्यास यांपैकी कोणी ग्रासले आहे हे ठरविणे प्रयोगशाळेचे काम असून त्यास दिवस लागतात. कित्येकदा सर्व तपासण्या होऊनही उत्तर मिळत नाही. प्राथमिक केंद्राकडून विषाणूचे नाव अपेक्षितच नाही. तेथे अपेक्षा एवढीच की, साध्या तापांच्या गर्दीतून मेंदूचा ताप वेगळा काढावा आणि तो ओळखल्यानंतरचे पहिले तास वाया जाऊ देऊ नयेत. ही अपेक्षा वाटते तेवढी लहान नाही.

"ताप डोक्यात चढला" असे आपल्याकडे म्हणतात. या म्हणण्यात निरीक्षण खरे आहे, मीमांसा मात्र चुकीची आहे. डोक्यात चढते ती उष्णता नव्हे. डास, वाळूमाशी यांच्या दंशातून शरीरात आलेला विषाणू प्रथम रक्तात वाढतो. रक्त आणि मेंदू यांमध्ये सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींचा एक निवडक बांध असतो. तो बहुतेक वेळी विषाणूस अडवितो, आणि म्हणूनच या विषाणूंची लागण झालेल्यांपैकी फारच थोड्यांना मेंदूज्वर होतो. ज्यांच्यात हा बांध फुटतो त्यांच्या मेंदूतील पेशी काही विषाणूच्या आघाताने व काही शरीराच्याच प्रतिकारामुळे उठलेल्या दाहाने मरू लागतात. रेबीजचा विषाणू रक्ताचा मार्ग सोडून मज्जातंतूंवाटे वर सरकतो. मार्ग कोणताही असो, पुढील संकट एकच असते. गळू आले तर त्वचा ताणते, सुजलेला पाय फुगतो. पण मेंदू हाडाच्या बंद पेटीत आहे. तो सुजला की आतील दाब वाढतो, रक्ताचा पुरवठा अडतो, आणि अखेरीस श्वासाचे नियमन करणारा मेंदूच्या तळाचा भाग दाबला जातो. येथे दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब धरावा लागतो तो यामुळे.

या सर्व रोगांना मिळून जागतिक आरोग्य संघटनेने एक साधी व्याख्या दिली आहे. तीव्र मेंदूज्वर लक्षणसमूह असे तिचे नाव. कोणत्याही वयाची व्यक्ती, वर्षाचा कोणताही काळ, अचानक आलेला ताप, आणि त्यासोबत मनाच्या अवस्थेत बदल किंवा नव्याने आलेले आचके. भ्रम, स्थळकाळाचे भान सुटणे, बोलता न येणे, बेशुद्धी हे सर्व मनाच्या अवस्थेतील बदलात येते. व्याख्या मुद्दाम सैल ठेवली आहे. तिच्या जाळ्यात विषाणूंखेरीज इतरही पुष्कळ रोग सापडतात, आणि ते तसे सापडावेत हाच हेतू आहे; कारण या इतर रोगांपैकी काहींवर हमखास गुण देणारी औषधे आहेत.

व्याख्येतून एक गोष्ट मात्र वगळली आहे, ती म्हणजे लहान मुलांना तापात येणारा साधा आचका. तो अतिशय सामान्य असून बव्हंशी निरुपद्रवी असतो. यामुळेच तो घातक गैरसमजाचेही कारण होतो. "तापात झटका आला होता, आता औषध दिले आहे," असे म्हणून घरी पाठविलेले मूल रात्री बेशुद्ध होते. साध्या आचक्याच्या सीमा ठरलेल्या आहेत. मूल सहा महिन्यांहून मोठे व सहा वर्षांहून लहान असते; आचका एकदाच व सर्व अंगाला येतो, पंधरा मिनिटांच्या आत थांबतो; आणि, सर्वांत महत्त्वाचे, तासाभरात मूल पूर्ववत शुद्धीवर येते. यांतील एक जरी अट मोडली तरी तो साधा आचका राहिला नाही. आचका थांबल्यावर मुलास लगेच न सोडता तासभर केंद्रातच बसवून ठेवावे, आणि मग ते आईला ओळखते का, मागून पाणी पिते का हे पाहावे, या सल्ल्याचे कारण एवढेच आहे.

शुद्धीचे मोजमाप करण्यास यंत्र लागत नाही. मूल आपणहून जागे व सावध आहे काय? नसल्यास हाकेला प्रतिसाद देते काय? हाकेला नाही, तर चिमटा घेतल्यावर तरी हात मागे घेते काय? की कशालाच उत्तर नाही? या चार पायऱ्यांपैकी रोगी कोणत्या पायरीवर आहे हे वेळेसह लिहून ठेवावे आणि अर्ध्या तासाने पुन्हा पाहावे. एकाच वेळच्या स्थितीपेक्षा दोन नोंदींमधील घसरण अधिक सांगते. तान्ह्या मुलांत मात्र लक्षणे फसवी असतात. त्यांची मान ताठ होतेच असे नाही. अंगावर न पिणे, विचित्र किंचाळणे, एकटक पाहणे, टाळू वर आलेली असणे, एवढ्यावरच संशय घ्यावा लागतो. मोठ्या माणसांत रोगाचे पहिले दोन-तीन दिवस ताप, डोकेदुखी व ओकाऱ्या यांतच जातात, आणि त्या अवस्थेत हा रोग इतर कोणत्याही तापासारखाच दिसतो. त्या टप्प्यावर निदान चुकले तर तो वैद्याचा दोष म्हणता येणार नाही. मात्र "झोप फार येऊ लागली, बोलणे असंबद्ध झाले, उलट्या थांबेनात, तर रात्र असली तरी घेऊन या" हे न सांगता रोग्यास पाठविणे हा दोष खास आहे.

भारतात या विषयाचा इतिहास जपानी मेंदूज्वराभोवती गुंफला गेला आहे. जपानमध्ये १९२४ साली या रोगाची मोठी साथ झाली व १९३५ साली तेथे विषाणू वेगळा करण्यात आला. भारतात माणसांतील हा रोग प्रथम १९५५ साली तमिळ प्रदेशातील वेल्लोर भागात ओळखला गेला. १९७३ साली पश्चिम बंगालमधील बांकुरा व बर्दवान जिल्ह्यांत, आणि १९७८ साली पूर्व उत्तर प्रदेशातील गोरखपूर भागात त्याने मोठ्या साथीचे रूप घेतले. भाताची शेती, साचलेले पाणी, बगळ्यांसारखे पाणपक्षी आणि डुकरे यांच्या सहवासात या विषाणूचे चक्र चालते. भातखाचरात वाढणारे क्युलेक्स जातीचे डास पक्ष्यांकडून व डुकरांकडून विषाणू घेतात. डुकराच्या रक्तात तो विपुल वाढतो, पण डुक्कर सहसा आजारी दिसत नाही. माणसाच्या रक्तात तो इतका वाढत नाही की डासाने तो पुढे न्यावा. माणूस या चक्राबाहेरचा बळी आहे. एका रोग्यापासून दुसऱ्यास हा रोग होत नाही, तेव्हा शुश्रूषा करणाऱ्यांनी भिण्याचे कारण नाही. लागण झालेल्या सुमारे अडीचशे जणांत एखाद्यालाच गंभीर आजार होतो. पण ज्यास होतो त्याची अवस्था बिकट असते: अशा रोग्यांपैकी तीस टक्क्यांपर्यंत दगावतात, आणि वाचलेल्यांपैकी तीस ते पन्नास टक्क्यांना कायमचे व्यंग राहते. चेहरा मुखवट्यासारखा निर्विकार होणे, हातपाय ताठणे किंवा थरथरणे ही त्याची विशेष लक्षणे होत. मेंदूच्या गाभ्यातील, हालचालींचे नियमन करणाऱ्या भागांवर या विषाणूचा रोख असतो.

२००५ साली पूर्व उत्तर प्रदेशात जी साथ झाली तिच्यात पाच हजारांहून अधिक रोग्यांची नोंद झाली व तेराशेहून अधिक मृत्यू झाले. बहुतेक मुलेच होती. गोरखपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे दूरदूरच्या खेड्यांतून, शेजारच्या बिहारमधून व नेपाळमधूनही मुले आणली जात. कित्येक जण तेथे पोहोचेपर्यंत बेशुद्ध होऊन दिवस उलटलेला असे. त्यानंतर २००६ पासून रोगप्रवण जिल्ह्यांत मुलांना लस देण्याची मोहीम सुरू झाली. पुढे ती नेहमीच्या लसीकरणात समाविष्ट होऊन नवव्या महिन्यात एक व सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरी अशा दोन मात्रा ठरल्या. जपानी मेंदूज्वराचे प्रमाण यामुळे खरोखर घटले.

आणि तरीही गोरखपूरच्या रुग्णालयात दरवर्षी पावसाळ्यात मेंदूज्वराची मुले येतच राहिली. या विषयातील अत्यंत बोधप्रद असा प्रसंग हाच होय. लस दिली, तरी रोग थांबत नाही. मग हा कोणता विषाणू? काही वर्षे नव्या विषाणूचा शोध चालला. २०१४ नंतरच्या तपासण्यांत असे आढळले की, तेथील तीव्र मेंदूज्वराच्या निम्म्याहून अधिक रोग्यांत स्क्रब टायफसची लक्षणचिन्हे रक्तात आहेत. हा विषाणुजन्य रोग नव्हेच. झुडपांत व गवतात राहणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या एका अष्टपाद किड्याच्या पिलांच्या चाव्यातून शरीरात येणारा तो एक सूक्ष्म जीवाणू आहे, आणि डॉक्सिसायक्लिन किंवा ॲझिथ्रोमायसिन या स्वस्त औषधांनी तो नष्ट होतो. औषध तापाच्या पहिल्या दिवसांतच मिळाले तर रोग मेंदूपर्यंत जातच नाही. त्यानुसार पुढे तेथील प्राथमिक केंद्रांतूनच तापाच्या रोग्यांना ही औषधे लवकर देण्याचे धोरण आले. वरच्या रुग्णालयातील अतिदक्षतेच्या खाटा जे करू शकल्या नसत्या ते खालच्या पायरीवरील एका गोळीने साधण्यासारखे होते. अशा रोग्यांपैकी काहींच्या काखेत, जांघेत किंवा कानामागे सिगारेटने डागल्यासारखी लहानशी काळी खपली असते. ती दुखत नाही, म्हणून रोगी सांगत नाही; कपडे काढून पाहिल्यावाचून ती दिसत नाही.

यावरून वाचकांच्या ध्यानात येईल की, विषाणुजन्य मेंदूज्वर ओळखणे याचा अर्थ, जे विषाणुजन्य नाही पण तसे दिसते, ते प्रथम ओळखणे. बिहारमधील मुझफ्फरपूर भागात उन्हाळ्याच्या अखेरीस, लिचीच्या हंगामात, पहाटे मुलांना आचके येऊन ती बेशुद्ध होत. लोक त्यास चमकी बुखार म्हणत. ताप कित्येकांना नसेच किंवा नाममात्र असे. २०१४ साली केलेल्या व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अन्वेषणात आढळले की, या मुलांच्या रक्तातील साखर अतिशय उतरलेली होती. त्यांनी दिवसा लिची भरपूर खाल्ली होती व रात्रीचे जेवण घेतले नव्हते. लिचीतील एक नैसर्गिक विष शरीराला उपाशीपोटी साखर बनवू देत नाही. पोसलेल्या मुलास ते बाधत नाही. कुपोषित, उपाशी झोपलेल्या मुलाचा साठाच अपुरा असतो. अशा मुलाच्या बोटातील रक्ताच्या एका थेंबाने निदान होते, आणि शिरेतून दिलेल्या ग्लुकोजने, वेळीच दिले तर, ते वाचते. पश्चिम उत्तर प्रदेशातही वर्षानुवर्षे हिवाळ्याच्या तोंडाशी खेड्यांतील मुले बेशुद्ध होऊन दगावत आणि हा विषाणूच समजला जाई. २००६-०७ च्या सुमारास बिजनोर भागातील बालरोगतज्ज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, कासविंद्याच्या शेंगांतील बिया खेळता खेळता खाल्ल्याने ही विषबाधा होते. मुलाने काल काय खाल्ले हा प्रश्न म्हणून तापाच्या प्रश्नाइतकाच आवश्यक आहे. मेंदूत उतरलेला हिवताप, जीवाणूंमुळे होणारा मेंदूच्या आवरणांचा दाह, क्षयाचा मेंदूवरील हल्ला, हेही याच वेषात येतात. हिवतापाची तपासणी तर केंद्रातच पंधरा मिनिटांत होते. ती न करता मेंदूज्वराचा रोगी पुढे पाठविणे अक्षम्य आहे.

विषाणूंपैकी एकावर मात्र निश्चित औषध आहे, आणि नेमका तोच प्राथमिक पातळीवर सर्वांत जास्त चुकतो. ओठावर तापाचे फोड आणणारा हर्पिसचा विषाणू क्वचित मेंदूत शिरतो. त्यास ऋतू नाही, प्रदेश नाही, वयाचे बंधन नाही. साथ येत नाही, एकटादुकटा रोगी येतो. कानाच्या आतल्या अंगास असलेल्या मेंदूच्या भागात, जेथे स्मृती, भाषा व भावना यांची केंद्रे आहेत, तेथे त्याचा घाव बसतो. म्हणून रोगी प्रथम विचित्र वागू लागतो. शांत मनुष्य शिवीगाळ करतो, वस्तूंची नावे विसरतो, नसलेला वास येतो म्हणतो, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो. घरची माणसे त्याला बाधा झाली समजून देवऋष्याकडे नेतात, आणि शिकलेली माणसे मनोरुग्णालयात नेतात. दोन्हीकडे दिवस सारखेच जातात. कालपरवापर्यंत धड असलेल्या माणसाचे वागणे तापासह पालटले, तर ते वेड नव्हे, मेंदूचा दाह होय, असे धरून चालावे. उपचाराविना या रोगाचे दहापैकी सुमारे सात रोगी दगावत. १९८४ साली स्वीडनमधील व १९८६ साली अमेरिकेतील चाचण्यांनी असायक्लोव्हिर या औषधाचा गुण सिद्ध केला. शिरेतून चौदा ते एकवीस दिवस दिल्यास मृत्यूंचे प्रमाण दहात दोन-तीनवर येते. रोगी पूर्ण बेशुद्ध होण्याआधी औषध सुरू झाले तरच बुद्धी व स्मृती शाबूत राहण्याची आशा असते. याकरिता संशय आला की तपासणीच्या उत्तराची वाट न पाहता ते सुरू करतात.

याच्या उलट टोकास चांदीपुरा विषाणू आहे. १९६५ साली नागपूरजवळील चांदीपुरा या गावातील तापाच्या रोग्यांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील संशोधकांनी तो वेगळा केला. हे केंद्र १९५२ साली स्थापन झाले असून १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ते ओळखले जाते. शोध लागल्यानंतर कित्येक वर्षे या विषाणूकडे फारसे कोणी पाहिले नाही. २००३ च्या जून ते ऑगस्टमध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुलांना मेंदूज्वर झाला व त्यांपैकी १८३ दगावली. महाराष्ट्रातही त्या वर्षी रोगी आढळले, आणि मुख्य कारण म्हणून हाच विषाणू पुढे आला. २०२४ च्या जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत भारतात, प्रामुख्याने गुजरात भागात, तीव्र मेंदूज्वराचे २४५ रोगी व ८२ मृत्यू नोंदले गेले. त्यांतील ६४ जणांत चांदीपुरा विषाणू निश्चित झाला. मातीच्या भिंतींच्या भेगांत व गोठ्यांत राहणारी वाळूमाशी त्याचा प्रसार करते. यावर औषध नाही, लसही नाही. सकाळी तापाने फणफणलेले मूल सायंकाळी बेशुद्ध व दुसऱ्या दिवशी मृत, अशी त्याची गती असते. तरीही आचके आटोक्यात ठेवणे, श्वासमार्ग मोकळा ठेवणे व मेंदूवरील दाब उतरविणे या आधाराने काही मुले तरून जातात. आणि हा आधार पहिल्या काही तासांतच उपयोगी पडतो.

रोग्याकडे पाहताना त्याच्या सोबतच्या माणसांकडेही पाहावे लागते, हे निपाहने शिकविले. १९९८ साली मलेशियात मेंदूज्वराची साथ सुरू झाली तेव्हा तो जपानी मेंदूज्वरच समजला गेला. डासांवर फवारणी झाली, लसीकरण झाले. साथ हटली नाही. परंतु एक विसंगती प्रारंभापासून डोळ्यांसमोर होती. जपानी मेंदूज्वर प्रायः मुलांना होतो, आणि येथे आजारी पडत होते ते वराहपालनाच्या धंद्यातील प्रौढ पुरुष. शिवाय त्यांची डुकरेही खोकत होती. १९९९ च्या मार्चमध्ये मलाया विद्यापीठातील डॉ. कॉ बिंग चुआ यांनी नवा विषाणू वेगळा केला व सुंगाई निपाह या गावावरून त्यास नाव पडले. तोवर व त्यानंतर मिळून २६५ रोगी व १०५ मृत्यू झाले. भारतात २००१ साली सिलिगुडीत व २००७ साली नदिया जिल्ह्यात तो येऊन गेला होता. २०१८ च्या मे महिन्यात केरळमधील कोळिकोड जिल्ह्यात पहिला रोगी निदानावाचून दगावला. परंतु त्याच्या भावास रुग्णालयात आणले तेव्हा, एकाच घरात पाठोपाठ मेंदूज्वर, ही गोष्ट तेथील वैद्यांना खटकली. नमुने तत्काळ मणिपाल व पुणे येथे गेले, काही दिवसांतच रोगाची ओळख पटली, संपर्कातील लोक वेगळे ठेवले गेले, आणि साथ त्या भागाबाहेर फारशी पसरली नाही. तरी सतरा मृत्यू झाले. त्यांत पहिल्या रोग्याची शुश्रूषा करणारी तालुका रुग्णालयातील एक परिचारिकाही होती. एकाच घरात किंवा एकाच खोलीतील रोग्यांत दोघांना मेंदूज्वर झाला, किंवा त्याच्या जोडीस खोकला व धाप असली, तर मुखपट्टी व हातमोजे घातल्यावाचून रोग्यास हात लावू नये.

रेबीजसंबंधी थोडेच सांगणे पुरे आहे. पाण्याची वा वाऱ्याच्या झुळकेची भीती दिसली की निदान पक्के. काही रोग्यांत मात्र भीती नसून केवळ लुळेपणा पायांकडून वर चढतो. रोगी वाचण्याची आशा जवळजवळ नसते. पण कुत्रा कोणता व तो आणखी कोणास चावला हे विचारून त्या माणसांना त्याच दिवशी लस सुरू केल्यास त्यांचे प्राण वाचतात.

आता पहिल्या तासाविषयी. रोग्यास कुशीवर वळवावे, तोंडातील लाळ व ओकारी पुसून काढावी. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी, चहा, गोळी, काहीही घालू नये. घरून निघताना दिलेल्या दुधानेच वाटेत श्वास कोंडून मुले दगावली आहेत. रक्तातील साखर पाहावी, आणि पाहण्याचे साधन नसेल तर ती उतरली आहे असे धरून शिरेतून ग्लुकोज द्यावे. आचका चालू असेल तर नाकात फवारण्याचे मिडाझोलाम किंवा गुदद्वारातून डायझेपाम द्यावे. चमचा दातांत घालणे, कांदा हुंगविणे यांत वेळ दवडू नये. ताप पॅरासिटामोलने उतरवावा, लहान मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. जीवाणूजन्य आवरणदाहाची शंका पूर्ण फिटत नाही तोवर सेफ्ट्रिआक्सोनची पहिली मात्रा केंद्रातच द्यावी. हिवतापाची तपासणी होकारार्थी आली तर आर्टेसुनेट, आणि स्क्रब टायफसच्या प्रदेशात त्यावरील औषध, हेही प्रवासापूर्वीच. पाठीच्या कण्यातील पाणी काढण्याचा प्रयत्न प्राथमिक केंद्रात करू नये. मेंदूवर दाब वाढलेला असता ते घातक ठरते, आणि औषध त्या तपासणीसाठी थांबविण्याचे तर कारणच नाही. पुढील रुग्णालयात ते पाणी पाहतात: विषाणूच्या रोगात ते निवळ असून त्यातील साखर बहुधा नेहमीइतकीच असते, तर जीवाणूच्या रोगात ते गढूळ व साखर उतरलेली असते. जपानी मेंदूज्वराची प्रतिपिंडे त्या पाण्यात वा रक्तात शोधतात, परंतु आजाराच्या पहिल्या दिवसांत ती न सापडणे म्हणजे रोग नसणे नव्हे.

रोग्यासोबत जो कागद जातो त्याकडे सहसा दुर्लक्ष होते. "ताप, झटके, पुढील उपचारार्थ" एवढ्या तीन शब्दसमूहांची चिठ्ठी ही जवळजवळ कोरीच चिठ्ठी होय. ताप कोणत्या दिवशी आला, शुद्ध कोणत्या वेळी हरपली, आचके किती व केवढ्या वेळाचे, केंद्रात आल्यावर व निघताना शुद्धीची पायरी कोणती, साखर किती होती, हिवतापाची तपासणी काय सांगते, कोणते औषध किती वाजता दिले, लसीकरणाचे कार्ड काय म्हणते, घरात आणखी कोणी आजारी आहे काय, गेल्या दोन दिवसांत काय खाल्ले, हे सर्व लिहावयास पाच मिनिटे लागतात. मोठ्या रुग्णालयातील वैद्यास ते नव्याने कधीच कळू शकत नाही, कारण तेव्हा मूल बोलत नसते आणि आई बोलण्याच्या स्थितीत नसते. लस घेतलेली असली तरी मेंदूज्वराचा संशय सोडू नये. एका विषाणूवरील लस इतरांवर चालत नाही.

अशा प्रत्येक रोग्याची खबर जिल्हा आरोग्य कार्यालयास त्याच दिवशी जावी लागते. आणि रुग्णालयातून सुटून आलेले मूल पुन्हा याच केंद्राच्या हद्दीत येते. त्याचे आचके चालू राहतात, एखादा हात वळत नाही, ऐकू कमी येते, किंवा शाळेत पूर्वी येणारी गणिते येईनाशी होतात व मास्तर त्यास आळशी ठरवितात. आचक्यांचे औषध अचानक बंद पडू न देणे, ताठलेले सांधे रोज हलविण्यास आईला शिकविणे, कानांची तपासणी करविणे, आणि हे मूल आजारातून उठले आहे हे शाळेला कळविणे, ही कामे आशा कार्यकर्ती व आरोग्यसेविका यांच्या वाट्यास येतात, आणि ती पुढील कित्येक महिने चालतात.